हुंकार आणि उत्तर : जपानी भूमिकाखेळांतील कथनाचा प्रवास

रायपूर शहराच्या उत्तर अंगास उरला ही औद्योगिक वसाहत आहे. लोखंड-पोलादाच्या कारखान्यांची ही वस्ती ज्या मैदानी मुलखात उभी राहिली, तो मुलूख अठराव्या शतकाच्या मध्यापासून जवळजवळ शंभर वर्षे नागपूरकर भोसल्यांशी बांधलेला होता. म्हणून मराठी इतिहासाला तो परका नाही. परंतु वाङ्मयाच्या अभ्यासकास त्याची खरी ओळख व्हावी, ती पंडवानीमुळे. महाभारताची कथा एकच गायक वा गायिका सांगते. हातातील तंबुरा क्षणात भीमाची गदा होतो, क्षणात अर्जुनाचे धनुष्य होतो. झाडूराम देवांगन ह्यांच्यासारखे वेदमती शैलीचे गायक ही कथा बसून सांगत. तीजनबाईंनी कापालिक शैलीत उभे राहून ती सांगितली आणि स्त्रीने उभे राहून पंडवानी गाण्याचा पायंडा पाडला. २०१९ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले, तेव्हा ही परंपरा दिल्लीच्या दरबारी पोचली असे म्हणता येईल. मात्र तिच्या रचनेतील एका घटकाकडे समीक्षकांचे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. तो घटक म्हणजे ‘रागी’. गायकाच्या प्रत्येक विधानाला हा साथीदार हुंकार देतो, मधूनच ‘मग काय झाले?’ अशा अर्थाचे विचारतो, कधी खोटीच शंका काढतो. त्याच्या प्रश्नाने कथा बदलत नाही. अभिमन्यू मरायचा तो मरतोच. तरीही रागी नसेल तर पंडवानी उभी राहत नाही. पोवाड्यातील झीलकऱ्याचा ‘जी जी’ आणि गोंधळातील साथीदाराचे प्रश्न ह्यांचे कार्यही ह्याच जातीचे आहे.

ऐकणाऱ्याला कथेत स्थान द्यावयाचे, पण कथा त्याच्या स्वाधीन करावयाची नाही, हा जो जुना तोडगा आहे, तोच विसाव्या शतकाच्या अखेरीस जपानमध्ये एका सर्वस्वी निराळ्या माध्यमाने पुन्हा शोधून काढला. हे माध्यम म्हणजे व्हिडिओ गेम, आणि त्यातील विशिष्ट प्रकार म्हणजे जपानी धाटणीचे भूमिकाखेळ. खेळ म्हटला की वाङ्मयाचा अभ्यासक सहसा पाठ फिरवतो. मराठीत तरी त्याने तसे करू नये. ज्ञानेश्वरांच्या नावावर परंपरेने सांगितला जाणारा मोक्षपट हा सोंगट्यांचा खेळच होता, आणि त्यातील शिडी-सापांना नीतीचा अर्थ होता.

ह्या प्रकाराचा उगम जपानी नव्हे, अमेरिकन आहे. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. चारसहा माणसे मेजाभोवती बसतात. प्रत्येक जण एक पात्र घेतो. एक जण सूत्रधार होतो आणि प्रसंग सांगतो. फासे पडतात तसा निकाल लागतो. म्हणजे मुळात हा मौखिक कथनाचाच प्रकार होता, आणि त्यातील सूत्रधार श्रोत्यांच्या उत्तरासरशी कथा वळवू शकत होता. पुढे संगणक आला. १९८१ मधील ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ ह्या खेळांनी सूत्रधाराची जागा यंत्राला दिली. यंत्राला हिशेब उत्तम येत होता, गोष्ट सांगणे येत नव्हते. त्यामुळे उरले ते भुयार, राक्षस, आणि प्रत्येक लढाईगणिक वाढत जाणारे अनुभवाचे गुण. कथा सांगणारा माणूस गेला आणि त्याची चोपडी तेवढी मागे राहिली, असे ह्या संक्रमणाचे वर्णन करावे लागेल.

ती चोपडी जपानमध्ये एका लेखकाच्या हाती पडली, ही गोष्ट महत्त्वाची आहे. युजी होरिई हे मूळचे नियतकालिकांत लिहिणारे गृहस्थ. १९८३ मध्ये ते आणि कोइची नाकामुरा अमेरिकेस गेले असता त्यांनी ‘विझर्ड्री’ पाहिला. त्याच वर्षी होरिईंचा एक रहस्यकथात्मक खेळ निघाला होता, तेव्हा कथेचा नाद त्यांना आधीपासूनच होता. २७ मे १९८६ रोजी त्यांचा ‘ड्रॅगन क्वेस्ट’ निन्टेन्डोच्या घरगुती यंत्रासाठी प्रसिद्ध झाला. चित्रे अकिरा तोरियामा ह्यांची, संगीत कोइची सुगियामा ह्यांचे. सबंध खेळ अवघ्या ६४ किलोबाइट स्मृतीत बसवावयाचा होता. जागेच्या तंगीमुळे काताकाना लिपीतील सर्व अक्षरे घेता येईनात. वीसेक अक्षरे निवडून त्यांतच राक्षसांची आणि गावांची नावे बसवावी लागली. वृत्ताच्या बंधनाने कवीला शब्द शोधावयास लावावे, तसाच हा प्रकार झाला. त्या काटकसरीतून आलेली भाषा आखूड, बोलकी आणि विनोदाला मोकळी होती.

होरिईंचा नायक बोलत नाही. त्याला नाव खेळणारा देतो, आणि संभाषणात त्याच्या वाट्याला ‘होय’ व ‘नाही’ एवढीच दोन उत्तरे येतात. राजकन्या बरोबर येण्याची इच्छा सांगते. खेळणारा ‘नाही’ म्हणतो. ती तेच पुन्हा विचारते. आणि ‘होय’ येईपर्यंत विचारीतच राहते. पाश्चात्त्य टीकाकारांनी ह्या प्रसंगाची पुष्कळ थट्टा केली आहे. स्वातंत्र्य देऊ केले आणि काढून घेतले, असा त्यांचा आक्षेप. पण रागीचा हुंकार ज्याने ऐकला आहे त्याला हा आक्षेप फसलेला वाटेल. ते उत्तर म्हणजे निवड नव्हेच. तो हुंकार आहे. श्रोता जागा आहे, कथेत आहे, एवढेच त्याने कळवावयाचे. विशेष असे की होरिईंनी ह्याच खेळाच्या शेवटी एकदा हा नियम मोडला आहे. ड्रॅगनांचा अधिपती नायकाला अर्धे जग देऊ करतो. येथेही ‘होय’ आणि ‘नाही’. एव्हाना खेळणाऱ्याला सवय झालेली असते की उत्तराने काही बिघडत नाही. येथे बिघडते: ‘होय’ म्हणणाऱ्याचा प्रवास तिथेच बुडतो. शंभर हुंकारांनंतर आलेले हे एकच खरे उत्तर आहे, आणि त्याचे वजन त्या शंभर हुंकारांनीच तयार केले आहे.

ह्या मालिकेच्या लोकप्रियतेविषयी एक दंतकथा प्रचलित आहे, तिचा येथेच निकाल लावलेला बरा. १० फेब्रुवारी १९८८ ह्या बुधवारी तिसरा ‘ड्रॅगन क्वेस्ट’ विक्रीस आला. दुकानांपुढे रांगा लागल्या, शाळा बुडवून आलेली सुमारे ३०० मुले पोलिसांनी हटकली. त्यानंतर जपान सरकारने ह्या मालिकेच्या कामकाजाच्या दिवशी होणाऱ्या विक्रीवर कायद्याने बंदी घातली, असे सर्रास लिहिले जाते. असा कायदा झाला नाही. प्रकाशकांनीच पुढचे भाग सुटीचा दिवस पाहून काढण्यास सुरुवात केली.

‘फायनल फँटसी’ ह्या प्रतिस्पर्धी मालिकेचा पहिला भाग १८ डिसेंबर १९८७ रोजी निघाला. हिरोनोबु साकागुची हे तिचे जनक. संगीत नोबुओ उएमात्सु ह्यांचे, आणि आज्ञावली रचणारे नासिर गेबेली हे इराणात जन्मलेले अमेरिकन. ही दोन घराणी २००३ मध्ये एकाच कंपनीत विलीन झाली, तरी त्यांच्या वृत्तीतील भेद आजही दिसतो. होरिई कथा खेळणाऱ्याच्या नावे सांगतात. साकागुची ती खेळणाऱ्यासमोर घडवतात. पहिले कीर्तनाच्या जवळचे, दुसरे नाटकाच्या. १९९१ च्या चौथ्या भागातील सेसिल हा आपल्या राजाच्या आज्ञेने अन्याय केलेला काळा योद्धा. पर्वतावर त्याची गाठ त्याच्याच काळ्या प्रतिमेशी पडते. तोवर खेळणाऱ्याला एकच धडा मिळालेला असतो, शत्रू दिसला की वार करावा. येथे वार करणारा हरतो, सोसणारा तरतो. पश्चात्ताप हा शब्द न उच्चारता तो कृतीतून करवून घेणे, हे सामान्य कथाकाराचे काम नव्हे.

३१ जानेवारी १९९७ च्या सातव्या भागातील एरिथच्या मृत्यूची चर्चा सर्वाधिक झाली आहे, परंतु तिच्या करुण रसाचे मर्म क्वचितच सांगितले जाते. ह्या खेळांत पात्र वाढवावे लागते. तासन् तास लढाया करून खेळणारा त्याचे बळ, त्याची शस्त्रे, त्याच्या विद्या साठवतो. एरिथ कथेच्या पहिल्या तृतीयांशाच्या शेवटी मारली जाते, आणि तिच्यावर खर्ची घातलेले ते सारे श्रम तिच्याबरोबर जातात. लढाईत पडलेल्या पात्राला उठवणारे औषध खेळणाऱ्याच्या झोळीत असते, पण ते येथे चालत नाही. शोक प्रथम हिशेबात जाणवतो, मग मनात. विझर्ड्रीने मागे ठेवलेल्या त्या चोपडीचा असा उपयोग होईल हे १९८१ मध्ये कोणाच्या ध्यानीही आले नसते. पंडवानीचा श्रोता अभिमन्यूचा मृत्यू आधीच जाणतो, आणि जाणतो म्हणूनच रडतो. ह्या खेळातील शोक मात्र पहिल्यांदा अजाणतेपणीच येतो. दोन्हींत श्रेष्ठ कोणता, हा वाद निष्फळ आहे. मात्र दुसऱ्यांदा खेळणारा माणूस पंडवानीच्या श्रोत्याजवळ येऊन बसतो, हे नोंदण्यासारखे आहे.

जाहिरातींचे लेखक म्हणून नावाजलेल्या शिगेसातो इतोई ह्यांच्या ‘मदर’ मालिकेत ह्या दोन्ही वाटांचा संगम आहे. १९८९ च्या पहिल्या भागाचा अंत शस्त्राने नव्हे, गाण्याने होतो. १९९४ च्या दुसऱ्या भागात पॉला ही मुलगी शेवटच्या युद्धात प्रार्थना करते. वाटेत भेटलेल्या एकेका माणसाला ती ऐकू जाते; अखेर खेळात नसलेल्या एका व्यक्तीला. ती व्यक्ती म्हणजे खुद्द खेळणारा. त्याचे खरे नाव कथेच्या ओघात पूर्वीच सहज विचारून ठेवलेले असते, आणि आता ते पडद्यावर येते. रागीला त्याच्या नावाने हाक मारून कथेत ओढून घ्यावे, तसे हे झाले. ह्या सबंध परंपरेतील हा सर्वांत धिटाईचा प्रसंग आहे, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

भारतीय वाचकाला येथे आणखी एका अंगाने विचार करावा लागतो. ह्या खेळांतून आपल्या देवतांची नावे सर्वत्र विखुरलेली आहेत. १९९० च्या तिसऱ्या ‘फायनल फँटसी’पासून ‘शिवा’ ही हिमाची अधिष्ठात्री स्त्री आहे. कैलासाच्या थंडीपलीकडे मूळ देवाचे तिच्यात काही उरलेले नाही. हा नुसता नामोच्चार झाला. परंतु अॅटलस कंपनीच्या ‘डिजिटल डेव्हिल सागा’ ह्या २००४ मधील खेळाचा प्रकार असा नाही. येथे सतत पाऊस पडणाऱ्या उजाड जगात सहा टोळ्या लढत असतात. कर्ममंदिराची आज्ञा अशी की जी टोळी सर्वांना जिंकील तिला निर्वाण मिळेल. एके दिवशी योद्ध्यांच्या अंगी देवांचे अवतार संचरतात, अग्नी, वायू, पृथिवी, द्यौस्, वरुण. आणि त्यासरशी एक भूक जडते. दुसऱ्याला खाल्ल्याशिवाय ती शमत नाही, आणि जो खाण्याचे नाकारतो त्याची बुद्धी भ्रष्ट होते. आर्जिला ही त्यांच्यातील एक स्त्री खाण्याचे नाकारू पाहते, आणि कथेचा सारा ताण तिच्या त्या नकारात आहे. मत्स्यन्यायाची कल्पना आणि तैत्तिरीय उपनिषदातील अन्न व अन्नाद ह्यांचा विचार ज्यांना ठाऊक आहे, त्यांना येथे केवळ नावे उसनी घेतली आहेत असे म्हणता येणार नाही.

येथे एक ऐतिहासिक बारकावा आहे. अग्नी, वरुण, वायू, पृथ्वी, इंद्र ह्या देवता बौद्ध धर्माबरोबर शेकडो वर्षांपूर्वीच जपानात पोचल्या आहेत. तेथे त्यांची नावे कातेन, सुइतेन, फूतेन, जितेन, ताइशाकुतेन अशी आहेत आणि त्यांच्या मूर्ती मंदिरांत आहेत. ह्या खेळाच्या कर्त्यांनी घरात रुळलेली ही नावे बाजूला ठेवून मूळ संस्कृत नावे घेतली. जपानी खेळणाऱ्याला ती अनोळखी, रानटी वाटावीत हाच हेतू असणार. जी नावे आपणास संध्येत आणि पूजेत गुळगुळीत झालेली वाटतात, त्यांतील आदिम भय एका परक्या कारागिराने पुन्हा जागे केले, ह्यात अपमान शोधणाऱ्यांनी आधी ऋग्वेदातील अग्नीचे भक्षक रूप आठवावे.

हा सारा व्यवहार भारतात पोचला तो मात्र इंग्रजीतून. ह्या इंग्रजीचा इतिहासही तपासण्यासारखा आहे. पहिला ‘ड्रॅगन क्वेस्ट’ १९८९ मध्ये ‘ड्रॅगन वॉरियर’ ह्या नावाने अमेरिकेत निघाला, तेव्हा होरिईंची चुटकेबाज बोली टाकून अनुवादकांनी जुनाट, बायबली वळणाची इंग्रजी वापरली. १९९४ मध्ये सहाव्या ‘फायनल फँटसी’चा अनुवाद टेड वूल्झी ह्यांना सुमारे महिन्याभरात उरकावा लागला, शिवाय अमेरिकन निन्टेन्डोचा कटाक्ष असा की धर्माचा वास येणारे शब्द नकोत, म्हणून ‘होली’ नावाच्या मंत्राचा ‘पर्ल’ झाला. ज्या चाळणीतून ‘पवित्र’ हा शब्दही सुखरूप पार पडला नाही, त्या चाळणीतून आलेली कथा भारतीय खेळणारा मूळ म्हणून वाचतो. उरल्याच्या किंवा नागपूरच्या मुलाला जी भाषा घरी ऐकू येते, तीत ह्यांपैकी काहीही नाही. बंगाली कादंबऱ्या मराठीत आणण्यासाठी आपल्या अनुवादकांनी बंगाली शिकून घेतली होती; जपानी शिकलेली मराठी माणसे पुण्यात काही थोडी नाहीत, पण ह्या वाङ्मयाकडे त्यांची दृष्टी गेलेली नाही.

महाराष्ट्रात स्वतंत्र निर्मितीचा एक प्रयत्न अवश्य झाला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स ह्या संस्थेने २०२० मध्ये ‘राजी’ हा खेळ काढला. लोकवर्गणीचा प्रयत्न त्यापूर्वी २०१७ मध्ये फसला होता, तरी त्यांनी काम सोडले नाही. जत्रेत खेळ करणारी एक मुलगी आपल्या हरवलेल्या भावाच्या शोधात असुरांशी लढते. हा जपानी धाटणीचा भूमिकाखेळ नव्हे. त्यात चपळाईला महत्त्व आहे, साठवणुकीला नाही. परंतु कथनाची योजना लक्षात घेण्यासारखी आहे: राजीची कथा दुर्गा आणि विष्णू एकमेकांशी बोलत सांगतात. एक सांगतो, दुसरा शंका काढतो. ते संभाषण प्रथम इंग्रजीत झाले, आणि २०२२ च्या सुधारलेल्या आवृत्तीत हिंदीत.