‘जागेवर नाहीत!’ : रिकाम्या खुर्चीची गोष्ट

पोस्ट जरा मोठी आहे, पण सवडीने वाचा. विषय तुमच्या-माझ्या रोजच्या कामाचा आहे.

सरकारी कार्यालयात गेल्यावर आपला पहिला प्रश्न काय असतो? “साहेब जागेवर आहेत का?” आपल्याकडे माणसाची हजेरी खुर्चीवरून मोजतात. खुर्चीत दिसला तर कामाचा, नाही दिसला तर कामचुकार. बातम्यांसाठी तहसील, पंचायत समिती, बँका, पतसंस्था इथे माझी रोजची ये-जा असते. गेले काही दिवस तिथल्या ओळखीच्या लोकांना मी एक साधा प्रश्न विचारत होतो. “दर तासाला दोन-चार मिनिटं उठून हातपाय हलवता का?”

बहुतेक जण हसले. बँकेतले एक भाऊ म्हणाले, “काउंटरवरून उठलो की रांगेतला माणूस मोबाईल काढतो. व्हिडिओ फिरला की चौकशी माझीच.” एक ताई म्हणाल्या, “अहो, सगळ्या हॉलसमोर हात वर करून व्यायाम करायचा? लाज वाटते.” कंत्राटी डाटा एंट्री करणारा एक पोरगा म्हणाला, “परमनंट लोक उठले तर चालतं, आम्ही उठलो तर दिसतं.” निवृत्तीला आलेले एक अण्णा म्हणाले, “चहाला जातो ना टपरीवर, तेवढं चालणं बास!”

म्हणजे उठणं चांगलं, हे सगळ्यांना पटतं. अडचण आहे ती ‘लोक काय म्हणतील’ याची. ही अडचण समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं.

बसून काम करण्याचे तोटे आज सापडलेले नाहीत. इटलीत बर्नार्डिनो रामाझ्झिनी नावाचा वैद्य होता. कुठल्या धंद्यात कोणते आजार होतात यावर त्याने १७०० साली पुस्तक काढलं. १७१३ च्या आवृत्तीत त्याने लेखनिकांवरही लिहिलं. त्यांच्या दुखण्याची तीन कारणं त्याने दिली : सतत बसणं, हाताची एकसारखी हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून डोक्यावरचा ताण. कंप्युटर नव्हता, टाइपरायटर नव्हता, बोरू आणि शाई होती. तक्रार मात्र आजचीच!

आता आपल्या मुंबईकडे या. कामातली विश्रांती आपल्याकडे कुणी खिरापतीसारखी वाटलेली नाही. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक. मागण्या अशा : रविवारची पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, वेळेवर पगार, अपघात झाला तर भरपाई. सुमारे ५,५०० कामगारांनी त्या निवेदनाला पाठिंबा दिला. सहा वर्षं रेटा लावल्यावर १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. दुपारचा अर्धा तास १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात आला.

पण हा अर्धा तास कुणासाठी होता? दिवसभर साच्यावर उभं राहणाऱ्या माणसाला बसता यावं म्हणून. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्यातही तोच विचार होता. सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नको, मध्ये किमान अर्धा तास सुट्टी हवी. आणि उभं राहून काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय हवी. अलीकडे केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतल्या कामगारांना बसण्याचा हक्क दिला, ते योग्यच झालं. कायद्याला उभं राहण्याचे कष्ट दिसले. बसण्याचे दिसले नाहीत, कारण बसणं म्हणजे सुख असंच सगळे धरून चालले होते.

त्या समजुतीला पहिला मोठा धक्का लंडनच्या डबलडेकर बसने दिला. जेरी मॉरिस या डॉक्टरने लंडनच्या बस, ट्राम आणि ट्रॉलीबसवरचे सुमारे ३१ हजार पुरुष कर्मचारी अभ्यासले. निष्कर्ष १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. ड्रायव्हर दिवसभर बसलेला. कंडक्टर मात्र तिकिटं फाडत रोज पाचशे-सातशे पायऱ्या चढणारा. गाडी तीच, धूर तोच, पण कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी निघाला. टपाल खात्यातही तेच दिसलं : पत्रं वाटत फिरणारे पोस्टमन टेबलावरच्या कारकुनांपेक्षा बरे. पुढे मॉरिस यांनीच गणवेशांची मापं तपासली, तर ड्रायव्हर मुळातच कमरेने जाड निघाले. म्हणजे सगळा दोष खुर्चीचा नव्हता. पण हालचालीचा मुद्दा पुढच्या अभ्यासांत टिकला. मॉरिस स्वतः पळायला लागले आणि ९९ वर्षं जगले.

साहेबी कल्पना म्हणून हे झटकू नका. १९५६ मध्ये बंगालच्या एका ज्यूट गिरणीतल्या २१३ माणसांवरचा अभ्यास आला. दिवसभर बसून राहणारे लोक हलकं काम करणाऱ्यांपेक्षा जास्त खात होते आणि वजनानेही जास्त होते. बसल्याने भूक कमी होते, हेही खरं नाही!

जपानने वेगळा रस्ता धरला. १९२८ मध्ये तिथे रेडिओवर व्यायाम सुरू झाला. आजही तिथल्या अनेक कारखान्यांत आणि कार्यालयांत सगळे मिळून तो करतात. महत्त्वाचा शब्द ‘सगळे’. सगळे उठले की एकटा माणूस कामचुकार ठरत नाही. आपल्या केंद्र सरकारनेही सप्टेंबर २०२१ मध्ये पाच मिनिटांचा ‘वाय-ब्रेक’ आणला, कर्मचाऱ्यांनी कार्यालयात योग करावा म्हणून. आमच्या गावात मी ज्यांना विचारलं, त्यातल्या बहुतेकांनी हे नावही ऐकलेलं नव्हतं.

आता दुसरी बाजू. चाळीस किलोमीटरवरून एसटीने आलेली म्हातारी दाखल्यासाठी उभी असते आणि खुर्ची रिकामी असते, तेव्हा तिचा राग शंभर टक्के खरा आहे. २०२० पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा आहे. जेवणाची सुट्टी एक ते दोनच्या दरम्यान, जास्तीत जास्त अर्धा तास. ती कुठे किती लांबते ते तुम्हाला माहीत आहे. म्हणूनच पाच मिनिटांच्या प्रामाणिक सुट्टीवरही लोकांचा विश्वास बसत नाही. कामचुकारांची किंमत कष्टाळू माणसाची कंबर मोजते आहे.

उपाय खर्चिक नाहीत. सुट्टीची वेळ ठरवा आणि पाटीवर लिहा. एक काउंटर बंद होईल तेव्हा शेजारचा चालू ठेवा. साहेबांनी आधी स्वतः उठावं, म्हणजे कंत्राटी पोरालाही उठता येईल. शेजारच्या टेबलावर फोन करण्याऐवजी चालत जा. पूर्वी फाईल घेऊन निदान शिपाई तरी चालायचा, आता ई-ऑफिसमध्ये फाईलही जागेवरून हलत नाही!

आणि आपणही एक करू. पाटीवर ‘५ मिनिटांत परत’ लिहिलेलं असेल तर पाच मिनिटं थांबू. सहाव्या मिनिटाला जरूर विचारू. लोखंड्यांनी मागितलेला अर्धा तास हा हक्क होता, मेहेरबानी नव्हती. हक्क टिकतो तो वेळ पाळल्याने.

तुमच्या कार्यालयात काय चालतं? कॉमेंटमध्ये लिहा. कार्यालयाचं नाव नको, अनुभव लिहा. आणि हे बसून वाचलं असेल, तर आता उठा!