मेण, तेल आणि स्मृतीचा दिवा

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची भूमी हादरली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणेशविसर्जन आटोपून गाव निद्राधीन झाले होते. दगडमातीच्या रुंद भिंती आणि त्यांवरील मातीचे वजनदार माळवद निजलेल्या माणसांवर कोसळले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांत मिळून सुमारे १० हजार माणसे मृत्युमुखी पडली. किल्लारीसह अनेक गावे पुढे नव्या जागी वसविण्यात आली. दरवर्षी ३० सप्टेंबरला तेथे मृतांना श्रद्धांजली वाहिली जाते. त्यानंतर महिन्याभराने, २ नोव्हेंबरला, आपण कॅथलिक कुटुंबे आपापल्या मृतात्म्यांसाठी मेणबत्त्या लावतो. लातूर जिल्हा १९७७ साली स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात मोडतो. म्हणजे किल्लारीचे दुःख आपल्या प्रार्थनेच्या बाहेरचे नाही. त्या दिवशी त्या मृतांसाठी एक दिवा लावावयाचा, तर तो कशाचा असावा, आणि कोणी केलेला असावा? या प्रश्नाच्या निमित्ताने मेणबत्तीचा इतिहास थोडक्यात पाहणे उचित ठरेल.

मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत मेण पिकत नाही, तेल पिकते. करडई, जवस आणि एरंड यांच्या घाण्यावर काढलेल्या तेलात कापसाची वात भिजवावी आणि पणती उजळावी, ही तेथील जुनी रीत. रॉकेल आल्यावर चिमणी आणि कंदील घरोघर पोहोचले. मेणबत्ती आली ती बरीच नंतर, वाण्याच्या दुकानातून.

युरोपातील ख्रिस्तसभेत मात्र मधमाश्यांच्या मेणाला फार मोठा मान होता. गोरगरिबांच्या घरी जनावरांच्या चरबीची धुरकट, दुर्गंधी बत्ती जळे; वेदीवर मात्र शुद्ध मेण. हा नियम काळाबरोबर सैल होत गेला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पवित्र साक्रामेंतापुढील अखंड दिव्यात ऑलिव्हचे तेल असावे, असा दंडक होता. ते जेथे मिळत नाही, तेथे बिशपांच्या अनुज्ञेने शक्यतो अन्य वनस्पतींचे तेल वापरण्यास रोमने १८६४ साली मोकळीक दिली. १९०४ साली मेणबत्त्यांविषयीही निर्णय झाला : पास्खाची मेणबत्ती आणि मिस्साच्या वेळच्या दोन मेणबत्त्या यांत मधमाश्यांच्या मेणाचा भाग सर्वाधिक असावा, संपूर्ण मेणाचाच आग्रह उरला नाही. त्या त्या भूमीने जे दिले, ते ख्रिस्तसभेने स्वीकारले.

या बदलामागे रसायनशास्त्राचाही हात होता. शेव्रल या फ्रेंच शास्त्रज्ञाने चरबीचे घटक वेगळे करून दाखविले आणि त्यातून कठीण, स्वच्छ जळणाऱ्या स्टिअरिनच्या मेणबत्त्या निघाल्या. १८२५ च्या सुमारास पिळाच्या वातीऐवजी वेणीसारखी विणलेली वात आली. ती जळताना वाकते, तिचे टोक ज्योतीच्या कडेला येऊन राख होते आणि काजळी कापण्याचा त्रास वाचतो. १८३० साली पॅराफिनचा शोध लागला आणि शतकाच्या उत्तरार्धात ते खनिज तेलापासून स्वस्तात मिळू लागले. आपल्या देशात आसाममधील दिग्बोईचा तेलशुद्धीकरण कारखाना १९०१ साली सुरू झाला. तेथील मेण पुढे देशभर गेले. श्रीमंतांच्या वेदीवरील प्रकाश असा सामान्यांच्या ओसरीवर आला.

घरी मेणबत्ती करण्यास फार सामग्री लागत नाही. पॅराफिन मेण, त्यात कठीणपणासाठी दहाव्या हिश्श्याइतके स्टिअरिक अ‍ॅसिड, सुताची विणलेली वात आणि साचा, एवढे पुरे. उरलेल्या मेणबत्त्यांचे तुकडे असल्यास तेही वितळवून गाळून घ्यावेत. वात टाकणखाराच्या पाण्यात भिजवून पूर्ण वाळवावी. मेण थेट विस्तवावर कधीही ठेवू नये. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात मेणाचे भांडे ठेवावे. साधारण ५० ते ६५ अंश सेल्सिअसला ते वितळते. वात मेणात बुडवून, ताणून सरळ करावी. साच्याला आतून तेलाचा हात फिरवून वात मधोमध ताठ बांधावी आणि मेण सावकाश ओतावे. निवताना मेण आकसते आणि वातीजवळ खळगा पडतो. तो पुन्हा मेण ओतून भरावा. साचा नसल्यास वात मेणात बुडवून काढावी, थंड होऊ द्यावी, पुन्हा बुडवावी. थरावर थर चढत बत्ती जाड होते. वात फार जाड असेल तर धूर होतो, फार बारीक असेल तर वितळलेल्या मेणात ती बुडून विझते. मेणाने पेट घेतल्यास पाणी मुळीच टाकू नये, भडका उडतो. झाकण ठेवून आग कोंडावी. मुलांना या कामात जरूर घ्यावे, परंतु चुलीपासून दूर ठेवून.

पणती असो वा मेणबत्ती, जळण्याची रीत एकच. वात तेल किंवा वितळलेले मेण वर ओढून घेते, उष्णतेने त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. म्हणून किल्लारीच्या मृतांसाठी कोणी करडईच्या तेलाची पणती लावली, तर ती आपल्या मेणबत्तीहून उणी ठरत नाही. विकतची मेणबत्ती लावण्यातही वावगे काही नाही. मात्र घरी केलेल्या मेणबत्तीत तासाभराचे काम असते, आणि त्या तासात मृतांविषयी बोलणे होते. नव्या पिढीला १९९३ ची ती पहाट ऐकून ठाऊक आहे. काहींना तीही नाही. येत्या २ नोव्हेंबरपूर्वी साच्यात मेण निवत असताना घरातील वडीलधाऱ्यांनी मुलांना किल्लारीची हकिगत सांगावी, आणि सांगून झाल्यावर आपल्या मृतांसाठी केलेल्या मेणबत्त्यांबरोबर एक मेणबत्ती त्या अनोळखी मृतांसाठीही बाजूला काढून ठेवावी, एवढीच आमची विनंती.