भाव, कर्म आणि संहिता : हिंसाविचाराची दोन वाचने

धर्मग्रंथ हिंसेची आज्ञा देतो की तिला मनाई करतो, या प्रश्नाचे उत्तर केवळ संहितेत शोधून सापडत नाही. संहितेतील कोणते स्थळ प्रमाण मानायचे आणि कोणते गौण ठरवायचे, हा निर्णय वाचन करतो आणि त्या निर्णयामागे वाचणाऱ्याचा काळ उभा असतो. महाराष्ट्रात या प्रक्रियेचा आलेख गीतेच्या अर्थनिर्णयनात स्पष्ट दिसतो. मात्र केवळ गीतेवर थांबले तर तो एकांगी राहतो. जयसिंगपूर, शिरोळ, कुंभोज या कृष्णा-पंचगंगेच्या पट्ट्यात शतकानुशतके शेती करणाऱ्या दिगंबर जैन समाजाला हाच प्रश्न वेगळ्या संहितांनी घातला. ही दोन्ही वाचने शेजारी ठेवली असता एका निकषाचे बळ आणि त्यातील धोका एकदमच ध्यानात येतो.

जून 1897 मध्ये पुण्याच्या शिवोत्सवात लोकमान्य टिळकांनी अफझलखानाच्या वधाची मीमांसा केली. फलाशा न धरता, लोकहितासाठी केलेल्या वधाचे पाप कर्त्याला लागत नाही, असा गीतेचा आधार त्यांनी दिला. त्याच महिन्याच्या 22 तारखेला रँडवर गोळी झाडली गेली. पुढे राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली. व्याख्यान आणि गोळी यांचा कार्यकारणसंबंध हा वादाचा विषय राहिला. परंतु परकीय सत्तेनेही ग्रंथाचे वाचन ही राजकीय कृती मानली, ही गोष्ट महत्त्वाची आहे. मंडालेच्या तुरुंगात 1910-11 च्या हिवाळ्यात लिहिलेल्या व 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त या भूमिकेला शास्त्रीय बैठक मिळाली. ग्रंथतात्पर्य ठरविण्याची मीमांसकांची कसोटी टिळकांनी स्वीकारली आणि उपक्रम-उपसंहारावर भर दिला. युद्ध नाकारणारा अर्जुन आरंभी, युद्धाला सिद्ध झालेला अर्जुन शेवटी. म्हणून तात्पर्य कर्मयोगाचे.

गांधीजींनी तात्पर्याचे केंद्र हलविले. दुसऱ्या अध्यायातील स्थितप्रज्ञाची लक्षणे ही त्यांच्या लेखी गीतेची किल्ली, आणि कुरुक्षेत्र हे अंतःकरणातील द्वंद्वाचे रूपक. कथेचा शेवट प्रमाण मानायचा की आदर्श पुरुषाचे चित्र, हाच खरा मतभेद होता. विनोबांची 1932 मधील धुळे तुरुंगातील प्रवचने, जी साने गुरुजींनी टिपून घेतली, याहून सूक्ष्म आहेत. अहिंसेचा उपासक अर्जुनाची बाजू घेईल, अशी अपेक्षा वाचकाची असते. विनोबा ती मोडतात. अर्जुनाच्या विषादात त्यांना अहिंसा दिसत नाही, स्वजनांविषयीची आसक्ती दिसते. अनेकांना फाशी देणाऱ्या न्यायाधीशाला स्वतःचा मुलगा आरोपी म्हणून समोर येताच फाशीची शिक्षा अमानुष वाटू लागते, हा त्यांचा दृष्टान्त प्रसिद्धच आहे. येथे हिंसेच्या समर्थनाइतकाच तिचा नकारही तपासणीखाली येतो.

टिळक आणि विनोबा यांचे निष्कर्ष भिन्न असले तरी दोघांचा निकष कर्त्याच्या बुद्धीचा आहे. कर्म बाहेरून दिसते, बुद्धी दिसत नाही. त्यामुळे हा निकष कोणीही स्वतःला लावू शकतो. गांधीहत्येच्या खटल्यात 1948 मध्ये नथुराम गोडसेने न्यायालयात रामाने केलेला रावणवध आणि अर्जुनाचे युद्ध यांचाच दाखला दिला. हत्येनंतर दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरे जळली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ पेटविला गेला. या दुसऱ्या हिंसेला कोणत्याही ग्रंथाचा आधार लागला नाही. ग्रंथ हिंसा निर्माण करतोच असे नाही. तो तिला निर्दोषपणाची भाषा पुरवतो.

जैन परंपरेनेही निकष आत नेला. उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’त हिंसेची व्याख्या प्रमादाशी बांधलेली आहे. जीव मरो वा न मरो, असावध वागणाऱ्याला हिंसा लागतेच आणि सावध वागणाऱ्याला केवळ घटनेने बंध होत नाही, असा कुंदकुंदांच्या ‘प्रवचनसारा’तील विचार आहे. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधीचे अध्यापन करणाऱ्या आ. ने. उपाध्ये यांनी 1935 मध्ये या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. नांगरणाऱ्याच्या दृष्टीने हा विचार निव्वळ तत्त्वचर्चेचा नाही. नांगराच्या फाळाखाली जीव मरतातच. श्वेतांबर परंपरेतील निषिद्ध व्यवसायांच्या यादीत जमीन फोडण्याचे काम येते. उलट नवव्या शतकातील जिनसेनांच्या ‘आदिपुराणा’त ऋषभदेवांनी शिकविलेल्या सहा वृत्तींमध्ये कृषी आहे आणि असि, म्हणजे तलवारही आहे. संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे हिंसेचे चार प्रकार मानून गृहस्थाला फक्त संकल्पी हिंसा सर्वथा वर्ज्य ठरविणारी मांडणी या जीवनाशी जुळणारी होती.

विरोधी हिंसेची, म्हणजे स्वसंरक्षणाची ही सवलत गीतेच्या दारापाशी येऊन थांबते काय? याचे उत्तर ‘प्रवचनसारा’चेच टीकाकार असलेल्या अमृतचंद्रांकडे मिळते. ‘पुरुषार्थसिद्ध्युपाया’त रागादी भावांचा उद्भव हीच हिंसा, असे सांगून ते थांबत नाहीत, भावाच्या निकषातून निघणाऱ्या पळवाटा एकेक करून बुजवतात. देवासाठी वध, अतिथीसाठी वध, दुःखातून सोडविण्यासाठी वध हे सारे ते नाकारतात. एका हिंस्र जीवाला मारल्याने अनेकांचे रक्षण होते, हा युक्तिवादही त्यांना मान्य नाही. लोकहितार्थ वधाचे समर्थन बहुधा याच युक्तिवादावर उभे असते. याच ‘आदिपुराणा’त भरत-बाहुबलीचा कलह सैन्यांऐवजी दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्धाने निकाली निघतो, विजयी बाहुबली राज्यच सोडतो. कुंभोजजवळच्या डोंगरावर उभ्या असलेल्या बाहुबलीच्या भव्य मूर्तीमागे ही कथा आहे. तलवारीला वृत्ती म्हणून स्थान देणारी संहिता तिच्या वापराला असा आवरही घालते.

भावाचा निकष टाकून देता येत नाही. तो नसेल तर शेतकरी आणि खुनी यांत भेद उरणार नाही. परंतु तो एकटा अपुरा आहे, हे या दोन वाचनांच्या इतिहासातून दिसते. शुद्ध बुद्धीचा दावा कर्ता स्वतःच करतो; ज्याच्यावर शस्त्र उगारले जाते त्याला त्या निर्णयात स्थान नसते. अमृतचंद्रांची निषेधमाला आणि विनोबांचा न्यायाधीश यांचे मोल येथे आहे. दोघेही वाचकाला संहितेचा आधार घेण्यापूर्वी स्वतःच्या युक्तिवादाची झडती घ्यायला लावतात. ग्रंथाच्या अर्थाचे उत्तरदायित्व त्यामुळे ग्रंथावर ढकलता येत नाही. ते वाचणाऱ्याकडेच राहते.