थर्मोस्टॅट (ट्रक इंजिन)

थर्मोस्टॅट ही ट्रकच्या इंजिनातील कूलंटचे तापमान स्थिर राखणारी झडप आहे. इंजिन थंड असताना ती बंद राहते व कूलंट बायपासमधून इंजिनातच फिरते. बहुधा ८० अंश सेल्सिअसच्या पुढे तिच्या कुपीतील मेण वितळून प्रसरण पावते, झडप उघडते आणि कूलंट रेडिएटरकडे वळते.

बंद स्थितीत अडकलेल्या झडपेमुळे इंजिन तापते. परभणी जिल्ह्यातील गंगाखेडसारख्या, उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जाणाऱ्या भागात ती काढूनच टाकावी असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हा उपाय घातक ठरतो. ऊस वाहतुकीचा हंगाम हिवाळ्यात येतो. तेव्हा झडपेविना इंजिन पुरेसे तापत नाही, डिझेल अर्धवट जळते व सिलिंडर लवकर झिजतात. अनेक इंजिनांत हीच झडप उघडताना बायपास बंद करते. ती नसल्यास काही कूलंट रेडिएटर टाळून फिरते आणि भर उन्हात इंजिन उलट अधिक तापते.

झडप बदलताना इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच रेडिएटरचे झाकण उघडतात. थोडे कूलंट काढून, जुने गॅसकेट खरवडून, मेणाची कुपी इंजिनाच्या बाजूस येईल अशी नवी झडप बसवतात. कूलंट भरल्यावर आतील हवा काढणे आवश्यक असते. झडपेपाशी हवा अडकल्यास नवी झडपही वेळेवर उघडत नाही.