कोऱ्या पेनीची पारख

१२ नोव्हेंबर २०२५ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत चलनासाठी पाडावयाचे शेवटचे एक सेंटचे नाणे यंत्रातून बाहेर पडले. १७९३ पासून चालत आलेल्या या नाण्याला तिकडचे लोक इंग्लंडच्या जुन्या सवयीने ‘पेनी’ म्हणतात. एक पेनी पाडण्यास साडेतीन सेंटांहून अधिक खर्च येऊ लागल्यावर सरकारने हा आतबट्ट्याचा व्यवहार थांबविला, यात नवल नाही. नवल आहे ते निराळेच. ज्या नाण्याने दुकानात काडीही विकत मिळत नाही, त्याचाच एखादा विशेष निर्दोष नमुना हाती यावा म्हणून संग्राहक दर्शनी किमतीच्या हजारो पट रक्कम मोजतात. निर्दोष म्हणजे किती निर्दोष, आणि ते ठरविणार कोण, याची हकीकत आज श्रोत्यांपुढे मांडावयाची आहे.

नाण्याची पारख ही आपल्याला नवी नव्हे. गावचा पोतदार रयतेने भरणा केलेली नाणी पारखून घेई, आणि झिजलेल्या वा हलक्या नाण्यावर सराफ बट्टा कापी. परंतु पोतदाराचा प्रश्न धातूचा आणि वजनाचा होता. पेनीच्या पारख्याला त्यांपैकी कशाचीच चिंता नसते. नाणे ठशाखालून निघाले त्या क्षणापासून आजपर्यंत त्याच्यावर काय काय गुदरले, एवढेच त्याला पाहावयाचे असते.

वापरलेल्या नाण्याची प्रत लावणे त्या मानाने सोपे. १९०९ पासून पेनीवर लिंकनचा मुखवटा आहे. व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर या शिल्पकाराने तो घडविला. नाणे हातोहात फिरू लागले की प्रथम लिंकनचे गाल व जबडा गुळगुळीत होतो, मग कानाची व केसांची रेखा पुसट होते. किती झीज झाली हे डोळ्यांना दिसते. पण चलनात कधी गेलेच नाही अशा कोऱ्या नाण्यावर झीज मुळी नसतेच. मग दोन कोऱ्या नाण्यांत डावेउजवे कसे करावे?

याचे उत्तर टाकसाळीतच आहे. यंत्रातून निघालेली पेनी कोणी मखमलीवर झेलत नाही. ती हजारो बहिणींच्या राशीवर आदळते, मोजणीच्या यंत्रातून घरंगळते, पोत्यात भरली जाते, गाडीत हिंदकळते. या प्रवासात एका नाण्याची कड दुसऱ्याच्या अंगावर ओरखडा काढते. तोच ओरखडा कडेजवळच्या अक्षरांत लपला तर क्षम्य, लिंकनच्या गालावर पडला तर घातक. कारण पाहणाऱ्याची नजर प्रथम तेथेच जाते. त्यानंतर ठसा नीट उमटला आहे की नाही ते पाहावयाचे. शेवटी झळाळी. दाबाखाली धातू कडांकडे सरकतो आणि त्याच्या वाहण्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहतात. एकाच दिव्याखाली, नाणे कडेने धरून हलकेच फिरविले, तर त्या रेषांमुळे प्रकाश चाकाच्या आऱ्यांप्रमाणे फिरताना दिसतो. कोणी हौसेने नाणे घासून चकचकीत केले की ही झळाळी कायमची जाते. घरातल्या तांब्यापितळेला चिंच लावणाऱ्या आपल्या आयाबायांना हे पटणार नाही. पण पारख्याच्या लेखी घासलेले नाणे म्हणजे वाया गेलेले नाणे.

तांब्याचा रंगही बोलका असतो. टाकसाळीतला ताजा तांबूस रंग हळूहळू तपकिरी होतो, म्हणून पेनीच्या अंकापुढे तांबडी, मिश्र की तपकिरी हेही लिहितात. १९८२ पर्यंत पेनीत पंचाण्णव टक्के तांबे असे. त्याच वर्षी धातू बदलला. आता आत जस्त आणि वर तांब्याचा पातळ मुलामा, वजनही ३.११ ग्रॅमवरून अडीच ग्रॅमवर आले. या मुलाम्याखाली बुडबुडे धरतात, काळे डाग पडतात. त्यामुळे कालपरवाची पेनी पारखणे काही वेळा शंभर वर्षांपूर्वीच्या पेनीहूनही किचकट होते.

अंक म्हटला, तो हा. आज कोऱ्या नाण्याला साठपासून सत्तरपर्यंत अकरांपैकी एक अंक मिळतो. साठ म्हणजे कोरे, पण ओरखड्यांनी भरलेले. सत्तर म्हणजे भिंगाखालीही दोष न सापडणारे. पण सत्तरच का? शंभर का नव्हे? या प्रश्नाचा माग काढीत गेले की आपण विल्यम शेल्डन या गृहस्थांपाशी पोहोचतो.

शेल्डन व्यवसायाने मानसशास्त्रज्ञ आणि वैद्य. माणसाच्या शरीराची ठेवण तीन घटकांत मांडून प्रत्येकाला एक ते सात असे अंक द्यावयाचे आणि त्यावरून स्वभावाचे निदान करावयाचे, ही त्यांची एके काळी फार गाजलेली व पुढे विद्वानांनी टाकून दिलेली उपपत्ती. छंद मात्र जुन्या, मोठ्या तांब्याच्या सेंटांचा. १९४९ साली त्यांनी या सेंटांवर ग्रंथ प्रसिद्ध केला व त्यात एक हिशेब मांडला. ओळखू येण्यापुरताच उरलेला सेंट एक डॉलरचा धरला, तर त्याच जातीचा अगदी निर्दोष सेंट सत्तर डॉलरला जावा. म्हणून सत्तर. म्हणजे हा अंक मुळात गुणाचा नव्हता, किमतीचा होता, आणि तोही १७९४ च्या सुमाराच्या नाण्यांच्या त्या वेळच्या बाजारभावाचा! कोऱ्या नाण्याला त्यांनी तीनच पायऱ्या ठेवल्या होत्या: साठ, पासष्ट आणि सत्तर. किमतीचे गणित लवकरच कोलमडले, अंक तेवढे उरले. पुढे अमेरिकन नाणकशास्त्रीय मंडळाने १९७७ मध्ये आपले नियम छापले तेव्हा हेच अंक सर्व नाण्यांना लागू झाले, आणि १९८६ पासून खाजगी कंपन्या नाणे पारखून, अंकासह प्लॅस्टिकच्या डबीत मोहोरबंद करून देऊ लागल्या. अकरा पायऱ्या आल्या त्या याच काळात.

मी अशा दोन डब्या शेजारी ठेवून भिंगातून पाहिल्या आहेत. एकीवर सहासष्ट, दुसरीवर सदुसष्ट. फरक मला दिसला नाही. पण किमतीत तो चांगलाच होता. तिकडचे चतुर संग्राहक डबी फोडून तेच नाणे पुन्हा परीक्षेला पाठवितात आणि कधी कधी एक अंक वाढवून आणतात. नाणे तेच, परीक्षकाची सकाळ वेगळी. तरीही ही पद्धत अगदीच टाकाऊ आहे असे मला वाटत नाही. न पाहिलेले नाणे दूरच्या गावाहून मागविणाऱ्या खरेदीदाराला विक्रेत्याच्या ‘उत्तम, अत्युत्तम’ या विशेषणांपेक्षा तिऱ्हाइताने घातलेला अंक बरा. फक्त तो तिऱ्हाईत खरोखर तिऱ्हाईत हवा.

आणि येथेच शेल्डन यांची गोष्ट काळवंडते. जॉर्ज क्लॅप या पिट्सबर्गच्या उद्योगपतीने १९४६ मध्ये आपला मोठ्या सेंटांचा उत्कृष्ट संग्रह न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीला दिला होता. शेल्डन यांच्यासारख्या तज्ज्ञाला तेथे मज्जाव कोण करणार? १९७२ मध्ये त्यांनी स्वतःचा संग्रह कॅलिफोर्नियातील एका संग्राहकाला विकला. १९७७ मध्ये ते वारले. १९९० च्या सुमारास संस्थेच्या ध्यानात आले की क्लॅप यांनी दिलेल्या नाण्यांपैकी १२९ सेंट आता तेथे नाहीत. जागा रिकाम्या नव्हत्या. प्रत्येक जागी त्याच वर्षाचा, त्याच ठशाचा, पण हलक्या प्रतीचा सेंट ठेवलेला होता. दोन प्रतींमधला फरक जगाला शिकविणाऱ्या माणसाने तोच फरक खिशात घालून नेला होता!

प्रकरण कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात गेले. इतक्या वर्षांनी दावा कसा चालेल, हा प्रतिवादीचा मुख्य आक्षेप होता. चोरी उमगली तेव्हापासून मुदत मोजावयाची, असे धरून १९९६ मध्ये अपील न्यायालयाने संस्थेच्या बाजूचा निकाल कायम केला. हरवलेली नाणी ओळखता आली ती जुन्या छायाचित्रांवरून. तांब्याच्या दोन सेंटांचा ठसा एकच असला तरी अंगावरचे ओरखडे, खोचा आणि डाग कधीच एक नसतात.