राग, राखी आणि प्रार्थना : धन्य राणी मारिया यांची आठवण



आमच्या प्रार्थनागटात गेले काही आठवडे एकच विषय फिरून फिरून निघतो आहे, तो म्हणजे राग. कोणाला घराच्या वाटणीचा राग आहे, कोणाला मुलाच्या उलट उत्तरांचा, कोणाला कामाच्या जागी झालेल्या अपमानाचा. परवा एका काकूंनी सरळच विचारले, “रोझरी म्हणताना ओठ चालू असतात आणि मनात दिराशी भांडण चालू असते. अशी प्रार्थना देवाला पोहोचते का?” आम्हा कोणालाच पटकन उत्तर देता आले नाही. कारण खरे सांगायचे तर आमचीही तीच गत आहे.

उत्तर शोधायला आम्हाला फार लांब जावे लागले नाही. इंदूर धर्मप्रांतातच, इंदूरहून उदयनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एक अशी घटना घडली आहे की जिच्यात रागाची सगळी रूपे एकत्र दिसतात. दरवर्षी २५ फेब्रुवारीला आपण धन्य राणी मारिया यांचा सण पाळतो. पुष्कळदा तो उपवासकाळातच येतो. त्या दिवशी आपण त्यांच्या मरणाची आठवण करतो. पण त्यांच्या मरणानंतरच्या अकरा-बारा वर्षांत जे घडले, ते आपल्यापैकी अनेकांना नीट ठाऊक नाही. आज ते सांगावेसे वाटते.

केरळातून उदयनगरला

राणी मारिया यांचा जन्म २९ जानेवारी १९५४ रोजी केरळात, एर्नाकुलम जिल्ह्यातल्या पुल्लुवळी गावी, एका शेतकरी कुटुंबात झाला. वडिलांचे नाव पैली वट्टालिल, आईचे एलिस्वा. सात भावंडांमध्ये त्या दुसऱ्या. १९७२ मध्ये त्यांनी फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट या धर्मभगिनींच्या संस्थेत प्रवेश केला. पुढे त्यांना उत्तर भारतात सेवेसाठी पाठवण्यात आले. आधी उत्तर प्रदेशातील बिजनौर, मग मध्य प्रदेशात सतना धर्मप्रांतातील ओडगडी आणि १९९२ पासून देवास जिल्ह्यातील उदयनगर.

उदयनगरच्या आसपास आदिवासी आणि गरीब शेतकऱ्यांची वस्ती. पेरणीला बी नाही म्हणून सावकाराकडे जायचे, पीक आले की ते त्याच्या घरी नेऊन टाकायचे, आणि तरीही मुद्दल तसेच राहायचे, असे अनेकांचे जीवन चालले होते. सिस्टर त्यांच्याबरोबर बसत, त्यांना बँकेतून कर्ज कसे घ्यायचे ते समजावत, सरकारी योजनांची माहिती देत, बायकांना बचत करायला शिकवत. आपला हक्क काय आहे हे माणसाला कळले की तो मान खाली घालून उभा राहत नाही. सावकारांचे आणि त्यांच्या पाठीराख्यांचे दुखणे नेमके तेच होते.

येथे आम्हाला रागाबद्दलची पहिली गोष्ट दिसते. गरिबाची लूट पाहून ज्याला चीड येत नाही, त्याचे प्रेमही थंडच असणार. आपला प्रभूसुद्धा मंदिरात बाजार मांडलेला पाहून संतापला होता. म्हणजे राग येणे हेच पाप, असे पवित्र शास्त्र म्हणत नाही. प्रश्न असतो तो पुढचा, की त्या रागाचे आपण काय करतो? सिस्टरांनी अन्यायाला दिलेले उत्तर शिवीगाळीचे नव्हते. ते कर्जाच्या अर्जांत, बैठकांत, पायपिटीत उतरले होते. आणि त्या कामाच्या मागे पहाटेची प्रार्थना होती.

२५ फेब्रुवारी १९९५

त्या दिवशी सकाळी सिस्टर उदयनगरहून इंदूरला जाणाऱ्या बसमध्ये बसल्या. पुढे त्यांना केरळला घरी जायचे होते. बसमध्ये समंदर सिंग नावाचा एक तरुणही होता. सिस्टरांशी त्याचे स्वतःचे काही वैर नव्हते. दुसऱ्यांनी त्याचे मन भडकवले होते आणि त्याच्या हातात सुरा आला होता. नाचनबोर टेकडीजवळ त्याने त्यांच्यावर वार करायला सुरुवात केली. प्रवासी भीतीने पांगले. सिस्टरांच्या अंगावर पन्नासांहून अधिक जखमा मोजल्या गेल्या. येशूचे नाव घेत घेत त्यांनी रस्त्याच्या कडेला प्राण सोडला. वय अवघे ४१. उदयनगरलाच त्यांना पुरण्यात आले.

समंदरला अटक झाली आणि जन्मठेपेची शिक्षा झाली.

येथे रागाचे दुसरे रूप दिसते. हा राग त्याचा स्वतःचा नव्हता, तो उसना घेतलेला होता. दुसऱ्याचा स्वार्थ याच्या मनात रागाचे रूप घेऊन शिरला आणि याच्या हातून खून झाला. आपल्या घरांतही लहान प्रमाणात असेच होत नाही का? भावजयीने काय म्हटले ते आपण स्वतः ऐकलेले नसते. कोणीतरी येऊन सांगतो आणि आपण पेटतो. सांगणारा घरी जाऊन शांत झोपतो, आपण मात्र रात्रभर तळमळतो.

तुरुंगातला राग

तुरुंगात गेल्यावर तरी समंदरचा राग विझायला हवा होता. पण तसे झाले नाही. आत असताना त्याचा संसार मोडला. ज्यांनी चिथावले, ते बाहेर होते आणि हा आत खितपत होता. आता त्याच्या मनात एकच विचार घोळू लागला, की सुटलो की ज्याने आपल्याला या खड्ड्यात ढकलले त्याला संपवायचे. हे त्याने पुढे स्वतःच सांगितले आहे. म्हणजे एका खुनाने राग संपला नाही, त्याने दुसऱ्या खुनाची तयारी चालवली. काइन आणि हाबेल यांची कथा आठवा. देवाने काइनाला आधीच सावध केले होते, की पाप दाराशी दबा धरून बसले आहे, तू त्याच्यावर सत्ता चालव. काइनाने ऐकले नाही.

या तुरुंगात एक धर्मगुरू समंदरला भेटायला येऊ लागले. भगवे कपडे, साधे राहणे. लोक त्यांना स्वामी सदानंद म्हणत. ते सी. एम. आय. संस्थेचे फादर होते. क्षमेची गोष्ट काढली की आधी समंदर ऐकायला तयार नसे. पण स्वामी येत राहिले. त्यांनी त्याला उपदेशाचा डोस पाजला नाही, त्याचा राग ऐकून घेतला. हळूहळू त्याच्या मनात सूड घेण्याऐवजी पश्चात्तापाची जागा तयार झाली. आणि मग एक गोष्ट घडली की जिची त्याने कल्पनाही केली नसेल.

बहीण आली

राणी मारिया यांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, त्याच संस्थेत धर्मभगिनी आहेत. २००२ च्या ऑगस्टमध्ये, राखीपौर्णिमेच्या सुमारास, त्या तुरुंगात गेल्या आणि ज्या हाताने आपल्या बहिणीला मारले त्याच हाताला त्यांनी राखी बांधली. समंदरला त्यांनी भाऊ मानले.

तारखेकडे जरा नीट पाहा. खून झाला १९९५ मध्ये. राखी बांधली गेली २००२ मध्ये. मध्ये सात वर्षे गेली. आम्ही ही गोष्ट आमच्या गटात वाचली तेव्हा त्या काकू पटकन म्हणाल्या, “म्हणजे सिस्टरांनासुद्धा वेळ लागला!” त्या एका वाक्याने आम्हा सगळ्यांचे ओझे थोडे हलके झाले. आपण समजतो की चांगला ख्रिस्ती माणूस म्हणजे ज्याला दुसऱ्याच दिवशी सगळे विसरता येते. तसे नसते. सात वर्षे म्हणजे सात उपवासकाळ आणि सात पुनरुत्थानाचे सण. त्या काळात प्रभूची प्रार्थना किती वेळा म्हटली गेली असेल, आणि प्रत्येक वेळी त्यातली क्षमेची ओळ आलीच असेल. ती ओळ गिळायला किती जड जाते ते ज्याचे माणूस गेले आहे त्यालाच ठाऊक.

२००३ मध्ये राणी मारिया यांच्या आई एलिस्वा केरळातून इतक्या लांब आल्या आणि तुरुंगात समंदरला भेटल्या. त्यांनी त्याचे हात हातात घेऊन त्यांचे चुंबन घेतले. त्या हातांना आपल्या लेकीचे रक्त लागलेले आहे, असा त्यांचा भाव होता. आम्हाला वाटते, यावर काही बोलू नये. क्षणभर थांबून क्रुसाकडे पाहावे.

पुढे कुटुंबाने आणि धर्मसभेने त्याच्या सुटकेसाठी रदबदली केली. २००६ मध्ये, सुमारे अकरा वर्षांच्या शिक्षेनंतर, तो सुटला. सुटल्यावर तो सूड घ्यायला गेला नाही. काही महिन्यांनी तो केरळात पुल्लुवळीला त्यांच्या घरी गेला आणि त्याने आईवडिलांची क्षमा मागितली. आता तो शेती करतो आणि उदयनगरला सिस्टरांच्या कबरीवर जातो. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये कार्डिनल आंजेलो आमातो यांच्या हस्ते राणी मारिया यांना रक्तसाक्षी म्हणून ‘धन्य’ घोषित करण्यात आले, तेव्हा त्या सोहळ्याला समंदरही हजर होता.

मग रागाचे काय करायचे?

या इतिहासातून आम्ही आमच्यापुरते जे घेतले, ते थोडक्यात सांगतो.

पहिले, राग देवापासून लपवू नये. स्तोत्रसंहिता उघडून १०९ वे किंवा १३७ वे स्तोत्र वाचा. त्यांत इतका कडवट राग आहे की मोठ्याने वाचताना जीभ अडखळते. तरीही ती स्तोत्रे प्रार्थनेच्या पुस्तकात आहेत. कारण स्तोत्रकर्त्याने सूड स्वतःच्या हातात न ठेवता तो देवापुढे ओतला. काकूंच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला येथे सापडले. दिराशी चाललेले मनातले भांडण बाजूला सारून रोझरी म्हणता येत नसेल, तर ते भांडणच देवाला सांगावे. ‘प्रभू, मला त्याचा आज फार राग आला आहे,’ ही प्रार्थनाच आहे आणि ती पोहोचते.

दुसरे, ज्याचा राग येतो त्याचे नाव घेऊन प्रार्थना करावी. पहिल्या दिवशी नाव घेताना दात चावले जातील. जाऊ द्यावेत. रोज एक ‘नमो मारिया’ त्याच्या नावाने म्हणावी. भावना नंतर येते, कधी फार उशिरा येते. आधी येते ती आपली इच्छा.

तिसरे, प्रार्थनेला एखादे पाऊल जोडावे. सिस्टर सेल्मी यांनी नुसते ‘मी क्षमा केली’ असे म्हटले नाही. त्या राखी घेऊन गेल्या. प्रभूनेही सांगितले आहे की वेदीवर अर्पण आणताना भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करावा. आपले पाऊल लहान असेल. एक फोन, सणाला पाठवलेला डबा, आजारपणात दारी जाणे. पुरेसे आहे.

चौथे, राग रात्रभर मुरू देऊ नये. पौलाने इफिसकरांना हेच कळवले होते, की सूर्य मावळण्याआधी तो उतरवा. समेट त्याच दिवशी होईलच असे नाही. पण झोपण्यापूर्वी तो राग प्रभूच्या हाती देणे त्याच दिवशी करता येते. सकाळी तो परत आलेला दिसला, तर पुन्हा द्यावा.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. क्षमा म्हणजे गुन्हा झालाच नाही, असे नव्हे. समंदरला न्यायालयाने शिक्षा दिली आणि त्याने अकरा वर्षे ती भोगली. ज्या बहिणीला घरात मारहाण होते, तिला ‘प्रार्थना कर आणि सोस’ असे सांगणे हा ख्रिस्ताचा सल्ला नाही. तिने आधी सुरक्षित जागी जावे, फादरांना, विश्वासातल्या माणसाला आणि गरज पडली तर पोलिसांना सांगावे. क्षमा मनातला सूड काढून टाकते, पण अन्यायाला मोकळे रान देत नाही. राणी मारिया स्वतः अन्यायापुढे गप्प बसल्या नव्हत्या, हे विसरता कामा नये.

काकूंनी परवा सांगितले की दिरांशी अजून बोलणे झालेले नाही. पण त्यांच्या नावाची ‘नमो मारिया’ रोज चालू आहे, आणि गेल्या रविवारी मिस्सात शांतीचे अभिवादन करताना त्यांचा चेहरा डोळ्यांसमोर आला तेव्हा छातीत पहिल्यासारखे दुखले नाही. आम्ही सगळ्यांनी देवाचे आभार मानले. सात वर्षांच्या वाटेतले हे पहिले पाऊल असेल.

या आठवड्यात आपण सर्वांनी मिळून ही प्रार्थना करूया :

हे प्रभू येशू, आमच्या मनातला राग तुला दिसतो. तो आम्ही तुझ्यापासून लपवत नाही. ज्यांनी आम्हाला दुखावले त्यांची नावे आम्ही आज तुझ्यासमोर ठेवतो. ज्यांना आम्ही दुखावले त्यांचीही ठेवतो. धन्य राणी मारिया यांच्या मध्यस्थीने आमच्या हातांना सूड विसरायला आणि राखी बांधायला शिकव. घाई करणे आम्हाला जमत नसेल, तर निदान वाट सोडू देऊ नकोस. आमेन.