कबीर कला मंच

पुणे येथील, शाहिरी परंपरेतील सामाजिक व राजकीय आशयाची गीते आणि पथनाट्ये सादर करणारे कलापथक. गुजरातमधील २००२ च्या दंगलींनंतर त्याच वर्षी, धार्मिक सलोख्याचा प्रचार करण्याच्या हेतूने त्याची स्थापना झाली. जातिभेद व धर्मभेद नाकारणाऱ्या संत कबीरांचे नाव त्याने धारण केले. पुढे जातीय अत्याचार, स्त्रियांची दुःस्थिती, श्रमिकांचे शोषण व विस्थापन हे विषयही त्याच्या गीतांत आले. खैरलांजी (जि. भंडारा) येथे २००६ मध्ये झालेल्या दलित कुटुंबाच्या हत्याकांडानंतर त्यांतील जातिविरोधी सूर अधिक तीव्र झाला.

या पथकाची कला महाराष्ट्रातील जुन्या परंपरेतून आलेली आहे. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. त्या चळवळीतून पुढे सत्यशोधकी जलसा निर्माण झाला. तमाशाचा ओळखीचा साचा ठेवून त्यातील आशय पालटणे, ही त्याची रीत. आंबेडकरी जलशांनी व अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने (१९४४) ती चालविली. मुख्य गायकाने कडवे गावे, झीलकऱ्यांनी ध्रुपद उचलावे व डफ-ढोलकीने ठेका धरावा, एवढ्यावर हे सादरीकरण उभे राहते. त्याला रंगमंच लागत नाही. वस्तीतील चौकही पुरतो. चाली लोकगीतांच्या वळणाच्या असल्याने श्रोत्याचे लक्ष शब्दांवर राहते.

शीतल साठे, सचिन माळी, सागर गोरखे, रमेश गायचोर, ज्योती जगताप व दीपक डेंगळे हे मंचाचे प्रमुख कलावंत होत. आनंद पटवर्धन यांच्या जय भीम कॉम्रेड (२०११) या अनुबोधपटामुळे, विशेषतः त्यातील शीतल साठे यांच्या गायनामुळे, मंचाची ख्याती महाराष्ट्राबाहेर पोहोचली.

याच सुमारास बंदी असलेल्या माओवादी पक्षाशी संबंध असल्याच्या आरोपावरून २०११ मध्ये डेंगळे यांच्यासह काहींना अटक झाली व इतर कलावंत भूमिगत झाले. आरोप नाकारून साठे व माळी २ एप्रिल २०१३ रोजी मुंबईत विधानभवनासमोर प्रकट झाले. ही शरणागती नसून अभिव्यक्तिस्वातंत्र्यासाठी केलेला सत्याग्रह आहे, अशी त्यांची भूमिका होती. गरोदर असलेल्या साठे यांना जून २०१३ मध्ये जामीन मिळाला. माळी, गोरखे व गायचोर यांना तो सर्वोच्च न्यायालयाकडून जानेवारी २०१७ मध्ये मिळाला. साठे व माळी यांनी पुढे नवयान महाजलसा हे स्वतंत्र पथक काढले. पुण्यातील शनिवारवाड्यावर ३१ डिसेंबर २०१७ रोजी भरलेल्या एल्गार परिषदेसंबंधीच्या खटल्यात गोरखे, गायचोर व जगताप यांना सप्टेंबर २०२० मध्ये अटक झाली.

या प्रकरणांमुळे शाहिरीचा एक जुना प्रश्न न्यायालयापुढे आला. डेंगळे प्रभृतींच्या जामीन प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने, सामाजिक अन्यायाविरुद्धचे विचार मांडणे म्हणजे बंदी असलेल्या संघटनेचे सदस्यत्व नव्हे, असा भेद केला. अशा संघटनेचे केवळ सदस्यत्वही गुन्हा ठरते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अन्य प्रकरणात दिला. त्यामुळे गीत व सदस्यत्व यांतील हा भेद पुढील काळात अधिकच महत्त्वाचा ठरला. जलशाची परंपरा श्रोत्याला अन्यायाविरुद्ध उभे करण्यासाठीच जन्मली. तिचे आवाहन आणि गुन्हा यांमधील सीमारेषा कोठे आखावी, हा मंचाच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न होय.